चौथी वाटी

यादवराव सोनवणे मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा मी साडीच्या पदरावरचं एक पान रंगवत होतो. आमच्या डिझाइन खात्यातला हरीश दारात उभा राहून म्हणाला, "सोनवणे मास्तर गुजर गये... सुबह." मी मान वर केली नाही. पान अर्धं झालं होतं, आणि रंग वाळला असता तर जोड दिसला असता. ते पूर्ण केलं, ब्रश धुतला, फडक्याला पुसला आणि मग उठलो. खात्यातल्या पोरांनी नंतर बाहेर सांगितलं, की धक्क्यानं साहेब सुन्न झाले होते. तसं काही नव्हतं. हातातलं पान आधी पुरं करायचं हे मला मास्तरांनीच शिकवलं होतं, बोटांच्या पेरांवर फूटपट्टीची धार मारून. त्यांच्या मरणालाही मी तोच नियम लावला. आणि खरं सांगायचं तर मला तिकडे जायची घाईही नव्हती.

जलदानाच्या कार्यक्रमाला सुरतेतल्या उधन्याच्या बुद्धविहारात पुष्कळ माणसं जमली होती. भाषणं झाली. एकानं सांगितलं, मास्तरांनी सुरतेत कारागिरांची एक पिढी घडवली. दुसऱ्यानं सांगितलं, मास्तर वरून कडक होते पण आतून मऊ; आपल्या समाजाच्या पोरांना इतरांच्या दुप्पट यायला पाहिजे म्हणून ते मारायचे. मी त्या माणसाशेजारी पाच वर्षं मांडी घालून बसलो. आतला मऊपणा मला कधी सापडला नाही. दुप्पट वगैरे बोललेलंही मी कधी ऐकलं नाही. त्यांना मारायला आवडायचं, एवढंच मला दिसलं. तिसऱ्यानं सांगितलं, मोतीबिंदूनं घात केला, नाहीतर मास्तर आज कुठल्या कुठे असते... आणि सगळ्यांनी माना हलवल्या. ती मोतीबिंदूची गोष्ट सुरतेत पहिल्यांदा मी सांगितली होती. मग माझं नाव पुकारलं. त्यांच्या खुर्चीवर बसलेला, त्यांच्या हाताखाली तयार झालेला म्हणून. मी उठून म्हणालो, मास्तरांनी मला रंग पाहायला शिकवले, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. दोन वाक्यं. खाली बसलो. त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं, पण ज्या अर्थानं लोकांनी ते घेतलं त्या अर्थानं नव्हे. त्याला आता सात आठवडे होऊन गेले. या पुरवणीसाठी मास्तरांवर लिहाल का असं विचारणं आलं, तेव्हा आधी नाही म्हणालो. मग वाटलं, की गोड लेख दुसरं कुणीही लिहील. जे मला माहीत आहे ते मी नाही सांगितलं तर कुणीच सांगणार नाही.

आम्ही नंदुरबारकडचे. वडील रेल्वेत गँगमन. थोरला भाऊ आधी सुरतेला आला, लूमवर लागला आणि मग त्यानं मला ओढून घेतलं. मी दोन वर्षं लूमवर काढली. सुताच्या कांड्या ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून यायच्या, त्या खोक्यांवर कोळशानं चित्रं काढायचो. लूमवर वाकलेला भाऊ, लूमचं चाक, चाळीतल्या नळावरच्या बाया. भाऊला वाटलं, पोराच्या हातात काहीतरी आहे. बासष्ट साली एका रविवारी खोक्यांचे पुठ्ठे सुतळीनं बांधून तो मला मास्तरांच्या घरी घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "आपला मानूस शे, काहीतरी करीच." मास्तर उधन्यातल्या एका कापड छपाईच्या मिलमध्ये डिझाइन खात्याचे मुख्य होते. पांढरा शर्ट, पांढरा लेंगा, बारीक कापलेले केस. कायम पांढरंच घालायचे. त्यांनी पुठ्ठे एकेक करून पाहिले, पालथे ठेवले, आणि भाऊकडे न बघता मला विचारलं, "हात कुणाचा?" मी म्हणालो, माझाच. "मग हाताला सांगून ठेव, माझ्याकडे आल्यावर गप्प बसायचं."

डिझाइन खातं वरच्या मजल्यावर होतं. खाली छपाईची लांबच लांब टेबलं, त्यावर ताणलेलं कापड आणि घासलेट मिसळलेल्या रंगाच्या लगद्याचा वास. वर उत्तरेच्या खिडक्यांखाली आम्ही चौघं आपापल्या उतरत्या फळ्यांसमोर बसायचो. तेव्हाच्या धंद्यात नवं डिझाइन म्हणजे काय, तर व्यापाऱ्यानं मुंबईहून आणलेला कापडाचा तुकडा समोर ठेवायचा, फुलाचं तोंड डावीकडून उजवीकडे फिरवायचं, देठ थोडा लांबवायचा. झालं नवं. मूळ रेघ मास्तर काढायचे. मग प्रत्येक रंगाचा वेगळा पडदा, म्हणजे छपाईची जाळीची चौकट, करायचा असल्यानं रंगागणिक काळ्या शाईत ट्रेसिंग व्हायचं. आणि शेवटी मास्तर स्वतः मॅचिंगचं कार्ड करायचे. त्या कार्डावर ओळीनं छोटे चौकोन, एकेका पडद्याला एकेक, आणि त्यात तो-तो रंग लावलेला. खालचे रंग घोटणारे ते कार्ड बघून लगदा बनवायचे. कार्डावर जे असेल ते कापडावर येणार. त्याच्यावर कुणी प्रश्न विचारायचा नाही.

माझं पहिल्या वर्षाचं काम म्हणजे वाट्या. चिनी मातीच्या अकरा वाट्या. रोज सकाळी मी त्यात रंग कालवायचे आणि मास्तरांच्या उजव्या हाताला एका ओळीत मांडायचे. पहिली पांढऱ्याची, शेवटची काळ्याची. चौथी मेंदीची, सातवी विटकरी. हा क्रम बदलायचा नाही. एकदा मी तिसरी आणि पाचवी इकडची तिकडे ठेवली, तेव्हा मास्तरांनी फूटपट्टी उचलली. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर आजही थंडीत ठणकतं.

वाट्या मांडून झाल्या, की माझी परीक्षा. मास्तर एकेका वाटीत ब्रश बुडवून कागदाच्या पट्टीवर ठिपका द्यायचे आणि विचारायचे. खात्यात ते मराठी बोलायचे, पण या वेळी मात्र का कुणास ठाऊक, अहिराणी. "सांग. हाऊ कसा शे?" मी म्हणायचो, लाल. "लाल कुणी बी सांगी. कसला लाल?" मी गडबडायचो. हळूहळू मी सांगू लागलो, की हा कुंकवात चिमूटभर हळद पडल्यासारखा आहे, हा डाळिंबाच्या सालीचा, हा हिरवा वाळत चाललेल्या लिंबाच्या पानाचा. "यामा काय कमी शे?" यात थोडा निळा कमी आहे. ते मान डोलवायचे, थेंबभर निळा टाकायचे, परत विचारायचे. "आते?" आता जमलं. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास हे चालायचं. बाकीचे दोघं हसायचे. मी घाम पुसायचो. मला वाटायचं, हा माणूस मला छळतोय. आणि घरी गेल्यावर वाटायचं, की शिकवतोय.

त्या छळातूनच माझ्या वहीची सुरुवात झाली. मास्तरांनी विचारण्याआधी उत्तर तयार असावं, म्हणून मी रोज एक रंग शोधून आणायचं ठरवलं. काडेपेटीएवढा चौकोन, आणि त्याखाली तो कुठं पाहिला ते. भाऊच्या सदऱ्यावरचा लूमच्या तेलाचा डाग, धुतल्यावर. गोडादऱ्याच्या शेतातली कापणीनंतरची ज्वारीची धाटं. सुट्टीच्या दिवशी सायकल मारत हजीऱ्याला गेलो आणि ओहोटीचा चिखल काढला. तो एक चौकोन जमवायला मला तीन रविवार लागले, कारण तो चिखल वाळत जाताना रंग बदलतो. आणि आमच्या मिलमागचा नाला. खाली जो रंग घोटला जाईल तो संध्याकाळी त्या नाल्यात. एके दिवशी जांभळा, एके दिवशी राणी, आणि दोन पाणी मिसळतात तिथे असा एक करडा, की त्याला नाव नाही. दोन वर्षांत वही भरली. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी तपासणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं होतं. त्या वहीतून मी एक साडी रचली. मुंबईच्या तुकड्यावरून नव्हे. नाल्याच्या पाण्यात रंग जसे एकमेकांत घुसतात तशा आडव्या लाटा, मधून ज्वारीच्या धाटांच्या उभ्या रेघा. चार महिने घरी बसून ती केली. मला एकच हवं होतं. माझ्या डोक्यातलं काहीतरी एकदा कापडावर यावं. ते कुणा बाईनं अंगावर घेतलेलं मी रस्त्यात पाहावं.

मास्तरांनी ते चित्र फळीवर लावलं. बराच वेळ बघत राहिले... मग बोटानं एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत हवेत रेघ ओढली आणि म्हणाले, "रिपीट बघ." त्यांनी पुढे विचारलं, हे कशाचं आहे. मी नाल्याचं सांगितलं. ते मोठ्यानं हसले. "ऐका रे. रतन्या बायांना नाला नेसवणार आहे." बाकीचे दोघं फळीवर डोकं ठेवून हसले. त्या दिवसापासून मी नालासाहेब झालो. आमच्याकडे एक रीत होती, की नापास झालेलं चित्र फेकायचं नाही, त्याच्या बोटभर पट्ट्या कापायच्या आणि रंग तपासायला वापरायच्या. मास्तरांनी कात्री माझ्या हातात दिली. "तूच काप. हात सरळ ठेव, पट्ट्या वाकड्या नकोत." मी कापलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माझ्याच लाटांवर विटकरीचे, मेंदीचे ठिपके पडायला लागले आणि मास्तर विचारायला लागले, हाऊ कसा शे. त्या पट्ट्या दीड महिना पुरल्या.

मला कळलं ते अपघातानं. झाडणाऱ्या बाईनं फळीखालून केरसुणी फिरवताना वाट्या सरकवल्या आणि परत ठेवताना क्रम बिघडला. मी खाली गेलो होतो. वर आलो तर मास्तर एका गुलाबाची पानं विटकरी रंगात रंगवत बसले होते. शांतपणे, निगुतीनं, शिरा सोडत. चार पानं झाली होती. मी म्हणालो, "मास्तर, पानं..." त्यांचा ब्रश थांबला. त्यांनी पानांकडे पाहिलं नाही, वाट्यांकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे. मी पटकन म्हणालो, की वाट्या मी चुकीच्या ठेवल्या. पट्टी बसली. संध्याकाळी नाल्याकाठी उभा असताना माझ्या डोक्यात सगळं एकाला एक जोडत गेलं. वाट्यांचा क्रम. पांढरे कपडे. मेंदी आणि विटकरी एकमेकींपासून लांब. हाऊ कसा शे. यामा काय कमी शे. माझ्याआधी जो वाट्या मांडायचा तो नोकरी सोडून गेल्यावर दोन महिने मास्तरांनी एकही मॅचिंग केलं नव्हतं, असं खालची माणसं सांगायची. त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नव्हते. जन्मापासून. ते मला शिकवत नव्हते, माझे डोळे वापरत होते. सुरतेतला रंगांचा सगळ्यात मोठा जाणकार म्हणून ज्याच्या पायाशी व्यापारी बसायचे, त्याला एकेक रंग मी सांगत होतो. इथं खरं तर मला कीव यायला हवी होती. ती आली नाही. मला आनंद झाला. इतका, की मी घरी जाताना भाऊसाठी भजी घेऊन गेलो.

तो आनंद मी सात-आठ महिने जपून ठेवला. दरम्यान आणखी दोन चित्रं केली, दोन्ही माझ्याच हातानं कापली. मग लग्नसराईआधीची घाई आली. एका मोठ्या व्यापाऱ्याचं काम होतं. आधीच विटकरी रंगवून आलेल्या कापडाच्या जमिनीवर मेंदी पानांचा वेल आणि त्याला हळदी फुलं, पानांवरून गेलेल्या विटकरी देठांची. नमुना छापून बघायला वेळ नव्हता. कार्ड झालं की थेट टेबलावर. त्या सकाळी मी वाट्या कालवल्या, आणि सातवी उचलून चौथ्या जागी ठेवली. चौथी सातव्या. हात कापला नाही, हे मला स्पष्ट आठवतं. मास्तर आले, बसले, कार्ड पुढे ओढलं. चौथ्या वाटीत ब्रश बुडवला, पानांच्या चौकोनात टेकवला, आणि थांबले. ब्रश कागदावर दोनदा मागे-पुढे केला. मग पट्टी घेतली... माझ्याच साडीची एक उरली असावी, कडेला लाट होती. त्यावर ठिपका दिला आणि ती माझ्यासमोर धरली.

"सांग. हाऊ कसा शे?"

"मेंदी, मास्तर."

"मेंदी?"

"रोजचीच."

त्यांनी चौकोन भरला.

दुपारी खालून हाक आली. छपाईवाले छगनभाई, वीस वर्षांचे जुने, टेबलाशी कमरेवर हात ठेवून उभे होते. तोवर तीन टेबलं छापून झाली होती. विटकरी जमिनीवर विटकरी पानं, म्हणजे पानं नाहीतच. नुसती हळदी फुलं हवेत लटकल्यासारखी, मधेमधे हिरव्या देठांचे तुकडे. "मास्तर, पांदडां क्यां गयां?" मास्तर टेबलापाशी गेले. सगळे कारागीर भोवती. ते वाकून पाहत राहिले. त्यांना बरोबर छापलेलं आणि चुकीचं छापलेलं दोन्ही सारखंच दिसणार, हे तिथं एकट्या मला माहीत होतं. त्यांनी मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी टेबलाच्या पायाकडे बघत होतो. मग मास्तर नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. चालू द्या."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. छगनभाईंनी फक्त हातातला पडदा हळूच खाली ठेवला.

मिलचे शेठ वर आले. ते आरडाओरडा करणारे नव्हते. त्यांनी मास्तरांच्या फळीशेजारच्या वाट्या स्वतः उचलल्या, पत्ते पिसावेत तशा इकडच्या तिकडे केल्या, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, मेंदी आपो तो जरा." मास्तर वाट्यांकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला नाही. अंदाजानं एखादी उचलली असती तर कदाचित बरोबर निघाली असती... पण अंदाज करणं त्यांच्यात बसत नव्हतं. त्यांनी ब्रश धुतला, फडक्याला पुसला, फूटपट्टी जागेवर ठेवली, आणि जिना उतरून गेले. माझ्याकडे पाहिलं नाही. आठवड्यानं शेठनी मला त्या फळीवर बसवलं. बाहेर कुणी विचारलं, की मी सांगायचो, मोतीबिंदू. मला वाटलं, मी त्यांची अब्रू राखतोय. मी माझी राखत होतो. मोतीबिंदू झाला असेल तर मग वाटी कुणी हलवली, हे कुणी विचारणार नव्हतं.

आता अडवणारं कुणी नव्हतं. मी नाल्याची साडी वहीतून पुन्हा रचली, तशीच्या तशी, आणि शेठनी ती घेतलीही. कापड टेबलावर पसरलं गेलं तेव्हा मी जिन्यात उभा होतो. वरून पाहिलं. लाटांमधून एक तिरका रिकामा पट्टा साडीभर धावत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कुणी ओली काठी फिरवली आहे. चित्र एकटं असताना तो दिसत नाही. एकाला एक लागून छापलं की दिसतो. रिपीट, म्हणजे चित्राची एक कड पुढच्या कडेला, जुळत नव्हती. मास्तरांनी हवेत बोटानं जी रेघ ओढली होती, ती हीच. तिरकी, खालून वर. मी तेव्हा त्यांचं हसणं तेवढं ऐकलं होतं. रंग त्यांना दिसत नव्हते, पण रेघ त्यांना जशी दिसायची तशी सुरतेत कुणाला दिसत नव्हती, मला तर नव्हतीच. ती साडी एका बाईच्या अंगावर मी खरोखरच पाहिली, कडोदऱ्याच्या बस थांब्यावर. पट्टा तिच्या पाठीवरून तिरका गेला होता. मी बस सोडून दिली.

मास्तर नंतर घरी बसून ट्रेसिंग करायचे. काळी शाई, पांढरा कागद. दलालामार्फत निरनिराळ्या मिलची कामं त्यांच्याकडे जायची, आमचीही. नाव कुठं नसायचं, पण पानाचं टोक बघितलं की मला कळायचं, हा हात कुणाचा. दहा-बारा वर्षं मी त्यांची ट्रेसिंगं तपासून पास करत राहिलो. एकदाही चूक सापडली नाही. शोधली मात्र प्रत्येक वेळी.

चार-पाच वर्षांपूर्वी एकदा त्यांच्या घरी गेलो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीनंतर सगळे पांगले तेव्हा पाय तिकडे वळले. मास्तर ओट्यावर फळी घेऊन बसले होते. जय भीम झाला. बस म्हणाले नाहीत. मी उभाच होतो. मग शाईत पेन बुडवत ते म्हणाले, "सातवी चौथ्या जागेवर होती."

त्यांनी पेन दौतीच्या काठाला निथळलं.

"हाताला कळलं होतं. मेंदी चिकट चालते, ब्रश धरून ठेवते. विटकरी पळते. त्या दिवशी पळाली. म्हणून तर तुला विचारलं."

इथं मला बोलता आलं असतं. ओट्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "घाईत चुकून झालं असेल, मास्तर."

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. चिडले नाहीत. पाच वर्षांत त्यांनी माझ्या चित्रांकडे जसं पाहिलं होतं तसं पाहिलं. "चुकून," ते म्हणाले. "हात सांगत होता, आणि मी तुझं ऐकलं. ती माझी चूक." मग पेन कागदाला लावलं आणि म्हणाले, "तुझी रिपीट अजून हलते. मागच्या महिन्यातला तो मोराचा पदर. मी ट्रेसिंग करताना सरळ केला. जा आता, उजेडात उभा आहेस." ही आमची शेवटची भेट. त्यांनी मला माफ केलं असं लिहिता आलं असतं तर लेख बरा झाला असता. त्यांनी केलं नाही, आणि मी मागितलीही नाही. मोराचा पदर सरळ केल्याचा रागही मला अजून आहे, हेही लिहून टाकतो.

हे छापायच्या आधी मी मावशींना, त्यांच्या पत्नीला, विचारायला गेलो. मास्तरांनी जन्मभर लपवलेलं मी असं चारचौघांत मांडणं बरं की वाईट, मला ठरवता येत नव्हतं. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी चाचरत सांगायला लागलो, की मास्तरांना रंग... त्यांनी हातानं थांबवलं. पस्तीस वर्षं बाजारातून त्यांच्यासाठी पांढरंच कापड कोण आणत होतं, असं त्यांनी मला विचारलं. टमाटे पिकले की नाही हे ते दाबून बघायचे, हेही सांगितलं. मी म्हणालो, मग लिहू का? त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"लिख," म्हणाल्या. "पन तुन्हं बी लिख."

ते लिहिलं.

आमच्या खात्यात आता वाट्या स्टीलच्या आहेत. क्रम तोच आहे. नव्या पोरांनी विचारलं, साहेब, मेंदी आणि विटकरी इतक्या लांब का, तर मी सांगतो, रीत आहे. मी कुणाला मारत नाही, पण वाटी कुणी हलवली तर माझा आवाज चढतो आणि पोरं एकमेकांकडे बघतात. या सात आठवड्यांत मला एक नवी सवय लागली आहे. सकाळी बाकीचे यायच्या आधी मी फळीसमोर बसतो, डोळे मिटतो, आणि ब्रश चौथ्या वाटीत बुडवून कागदावर ओढतो. मग सातव्या. मग पुन्हा चौथ्या. कुठली चिकट चालते, कुठली पळते... डोळे उघडून बघतो. माझ्या हाताला अजून कळत नाही.